घरचे ट्यूब फ्लाय: आधी नळी पोहू द्या, मग पिसं बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका वाचकाकडे आठ नंबरचा फ्लाय रॉड आहे. बाहेरून मागवलेले ट्यूब फ्लाय, म्हणजे पोकळ नळीवर पिसं-केस बांधून केलेली मासे पकडायची खोटी आमिषं, परवडेनात, म्हणून त्यांनी बॉलपेनच्या रिफिलवर कोंबड्याची पिसं, केस आणि जर बांधून स्वतःच करायला घेतले. दिसायला देखणे झाले, पण पाण्यात गरागरा फिरतात, लीडरला (लाइनच्या, म्हणजे रॉडवरच्या जाड दोरीच्या, टोकाचा बारीक दोरा) पीळ पडतो, केस गळाला गुंडाळतात. रिफिल सोडून पितळी नळीवर जावं का, सामान इथे कुठे मिळेल, आणि फ्लाय रॉडला झेपतील असे छोटे लुअरही (पाण्यात हलून माशाला फसवणारी आमिषं) घरी करता येतील का, असं त्यांनी विचारलंय. मासे म्हणाल तर मरळ, चिलापी, आणि नशिबात असेल तर खडस (महसीर).

पितळेवर एवढ्यात जाऊ नका. तुमची रिफिल बिचारी निर्दोष आहे. पितळेची नळी घेतली तर हाच फ्लाय जरा खोल जाऊन गरागरा फिरेल, एवढाच फरक. दुखणं नळीच्या धातूत नाही, गळ कसा बसलाय आणि पिसं कुठल्या बाजूला किती बांधलीत, यात आहे. आणि ते सापडत नाही याचं कारण तुम्ही सगळा साज चढवून झाल्यावर फ्लाय पाण्यात सोडता. तोवर दोष कुणाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी नुसती उघडी नळी पोहवायला लावतो. पोरं वैतागतात, कारण त्यांना पिसं बांधायची घाई असते.

आधी ट्यूब फ्लाय हवा कशाला, ते बघू. साध्या फ्लायमध्ये पिसं, केस सगळं गळाच्या दांड्यावरच बांधलेलं असतं. इथे ते पोकळ नळीवर बांधायचं, लीडर नळीतून ओवायचा आणि शेवटी गळ बांधायचा. मासा लागला की नळी लीडरवरून वर सरकते आणि माशाच्या तोंडात राहतो तो फक्त आखूड गळ. लांब दांड्याचा गळ मासा डोकं झटकून उचकटून काढू शकतो, कारण दांडा तरफेचं काम करतो. आखूड गळाला ती तरफच मिळत नाही. शिवाय पिसं माशाच्या दातांखाली चुरगळत नाहीत, आणि गळ बोथट झाला की फ्लाय तोच ठेवून नुसता गळ बदलता येतो. ही युक्ती साधारण १९४५ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला सामन (सॅल्मन) माशासाठी रुळली. तिथल्या प्लेफेअर कंपनीत फ्लाय बांधणाऱ्या मिनी मोराव्स्की यांना तिचं श्रेय देतात. त्यांनी वापरलेल्या नळ्या टर्की पक्ष्याच्या पिसांच्या पोकळ दांड्या होत्या. म्हणजे मुळातच हा घरात पडलेल्या वस्तूंचा खेळ आहे, तेव्हा रिफिलची लाज बाळगू नका.

आता तुमचा फ्लाय का फिरतो? साध्या फ्लायमध्ये गळाचा वाक खाली लोंबतो आणि त्याच्या वजनाने फ्लाय सरळ राहतो. ट्यूब फ्लायमध्ये लीडर बरोबर मधोमध जातो, त्यामुळे नळीला आपल्या अक्षाभोवती फिरायला कुणाचीच आडकाठी नसते. गळ नळीच्या मागच्या टोकात घट्ट बसला तरच त्याचा वाक खाली राहून नळीला आवरतो. सैल असला तर गळ एकीकडे आणि नळी दुसरीकडे. तीन टोकांचा गळ लावला असेल तर घट्ट बसूनही उपयोग नाही, कारण त्याचं वजन तिन्ही बाजूंना सारखं असतं. तुम्ही काय लावलंय ते लिहिलं नाहीत, पण बाजारात इथे सहज मिळतो तो तीन टोकांचा, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर. एका टोकाचा, आखूड दांड्याचा आणि सरळ नाकाचा (नाक म्हणजे लीडर बांधायचं भोक) गळ घ्या.

गळ घट्ट धरायला परदेशी कंपन्या सिलिकॉनच्या रंगीत नळ्या विकतात. आपल्याकडे त्याहून स्वस्त वस्तू आहे: सायकलची वॉल ट्यूब. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी, कुठल्याही सायकल दुकानात हातभर मिळते. तिचा १० मिलिमीटरचा तुकडा कापा, ओला करा, अर्धा रिफिलच्या टोकावर चढवा आणि उरलेल्या अर्ध्यात गळाचं नाक खेचून बसवा. उन्हात हे रबर तडकतं, म्हणून जास्तीचे तुकडे डबीत असू द्यात.

रिफिल तयार करायची पद्धतही सांगतो, कारण निम्मी कामं इथेच बिघडतात. शाई संपलेली रिफिल घ्या, पितळी टोक काढून टाका, आत राहिलेली शाई स्पिरिटने धुवा. कापताना कात्री वापरू नका, कात्रीने नळी चेपते. टेबलावर ठेवून धारदार ब्लेडखाली गोल फिरवत कापा, म्हणजे कड काटकोनात येते. तिरकी कड हेही फिरण्याचं एक कारण असतं. मग नळी दाभणावर चढवा आणि दाभण व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पकडा. दाभण निमुळतं असल्यामुळे कुठल्याही मापाची रिफिल त्यावर कुठेतरी घट्ट बसतेच. आता लायटरची ज्योत नळीच्या पुढच्या टोकाजवळ न्या, पण लावू नका. कड आधी चकाकते, मग किंचित मागे वळते आणि बारीक ओठ तयार होतो. तिथेच थांबा, एक क्षण जास्त झाला तर भोक बुजतं. या ओठामुळे दोरा पुढून निसटत नाही. मागच्या टोकालाही असाच अगदी हलका ओठ दिला तर वॉल ट्यूब त्यावर पकड घेते.

आणखी एक गोष्ट. रिफिल पॉलिप्रॉपिलीनची असते आणि त्या प्लॅस्टिकला फेविक्विक नीट धरत नाही. वरवर चिकटल्यासारखं वाटतं, दोन-चार फेकींत सगळी बांधणी नळीवर गोल फिरायला लागते, आणि माणूस समजतो की फ्लायच फिरतोय. बारीक पॉलिश पेपरने नळी खरखरीत करा, त्यावर दोऱ्याचा एक गच्च थर द्या, त्यात फेविक्विक मुरवा, आणि मगच पुढचं काम. इअरबडच्या काड्या पूर्वी यासाठी फार सोयीच्या होत्या, पण १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिक काडीच्या इअरबडवर देशभर बंदी आहे. लॉलीपॉपच्या काडीचंही तेच. हल्ली मिळते ती कागदी काडी पाण्यात लगदा होते.

आता पोहवण्याची चाचणी. उघडी नळी, वॉल ट्यूब आणि गळ एवढंच घ्या. नळीच्या पाठीवर एका बाजूला लाल नेलपॉलिशची सरळ रेघ ओढा. मीटरभर लीडर एका काडीला बांधा आणि उसाला पाणी सुटलेलं असेल तिथे पाटावर जा. पाटासारखी जागा नाही. पाणी वीतभर खोल, तळ दिसतो, वेग एकसारखा, आणि वरून सगळं बघता येतं. वाळलेलं पान टाकून बघा, सेकंदाला हातभर पुढे गेलं तर वेग पुरेसा आहे. नळी प्रवाहात धरा आणि रेघेकडे बघत राहा. रेघ वरच राहिली तर नळी शहाणी. रेघ दिसते-लपते, दिसते-लपते असं झालं तर नळी फिरते आहे. मग गळ जरा आत ढकला, रबर बदला, कड तपासा. उघडी नळी सरळ पोहायला लागेपर्यंत पिसाला हात लावायचा नाही.

ती सरळ पोहली की एक थर बांधा आणि परत पाटावर. मग दुसरा थर, आणि परत पाट. ज्या थरानंतर रेघ फिरायला लागली, तोच गुन्हेगार. बहुतेक वेळा ती कोंबड्याची पिसं निघतात. कोंबड्याच्या पिसाला नैसर्गिक बाक असतो. दोन बाजूंना बांधलेल्या पिसांचा बाक एकाच दिशेने वळला, तर ती पंख्याच्या पात्यांसारखी पाणी कापतात आणि अख्खा फ्लाय फिरवतात. एक डाव्या बाकाचं, एक उजव्या बाकाचं अशी जोडी लावा आणि पोटं आतल्या बाजूला समोरासमोर येऊ द्या. नाहीतर पिसाचा मधला दांडा नखाने दाबून मऊ करा. मरळीसाठी मी पिसं बाजूला न लावता गोल गुंडाळतो, बाकाची भानगडच राहत नाही.

केस गळाला गुंडाळतात त्याचं कारण केस मऊ आणि लांब आहेत. केसांची टोकं गळाच्या वाकापर्यंत यावीत, त्यापुढे फार तर बोटाच्या पेरभर. लांब झुपका हवाच असेल तर त्याच्या खाली ताठ केसांचा आखूड आधार द्या. म्हशीच्या शेपटीच्या गोंड्याचे केस त्याला नामी. गोठ्यात विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही, फक्त कशाला हवेत ते सांगताना समोरचा तोंडाकडे बघत राहतो.

सामानाचं म्हणाल तर कोल्हापूरकराने परदेशी पाकिटं मागवावीत हे मला पटत नाही. बेंदूर जवळ आला की जनावरांच्या सजावटीच्या दुकानांत गोंडे, झिरमिळ्या आणि शिंगांना लावायचं बेगड येतं. बेगडाच्या बारीक पट्ट्या कापल्या की चमक तयार. जरा जपून गुंडाळा आणि वरून तांब्याच्या तारेचे वेढे द्या, नाहीतर पहिल्याच माशाला फाटेल. ती तार उद्यमनगरात मोटार रिवायंडिंगवाल्यांकडे मिळते. २८ ते ३२ गेजची घ्या. तिच्यावरचं इनॅमल लालसर-सोनेरी असतं, त्यामुळे वेगळा रंग द्यावा लागत नाही. दोऱ्यासाठी इचलकरंजीच्या मागावरचं पॉलिस्टर फिलामेंट वापरा. १५० डेनियरचं सूत या कामाला पुरतं, ७५ डेनियरचं डोक्याजवळच्या शेवटच्या बारीक वेढ्यांना. शिवणाचा दोरा जाड असतो, त्याने डोकं कांद्याएवढं होतं.

शेळीच्या शेपटीचे लांब केस खाटकाकडे मिळतात, आणि मटणाच्या या गावात खाटीक शोधावा लागत नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची पिसं घ्या, ब्रॉयलरची नकोत, ती पिचकी असतात. केस आणि पिसं साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, पिशवीत बंद करून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मगच डब्यात टाका. घरच्यांना आधी सांगून ठेवा. रंग द्यायचा तर खाण्याचा रंग आणि पाण्यात थोडं व्हिनेगर. केस-पिसांना हा रंग चांगला धरतो. रंगपंचमीचे उरलेले रंग वापरू नका, ते पाण्यात सुटतात. धनगरी लोकर अंगासाठी सुंदर दिसते, पण ती पाणी फार पिते. त्याबद्दल पुढे वजनाच्या हिशेबात येईलच.

मोरपिसांबद्दल: आपोआप गळलेली पिसं देशात बाळगायला कायद्याची मुभा आहे, परदेशी पाठवायला नाही. त्यांचे हिरवे-तांबूस धागे फ्लायला जिवंतपणा देतात. पण जुन्या सामन फ्लायवर दिसणारं ते मेणासारखं चकचकीत ठिपक्याचं पीस आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं, आणि तो पक्षी दाजीपूरच्या जंगलात अजून आरवतो. त्याच्या नादी अजिबात लागू नका. वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे, आणि कुणी पीस देतो म्हणाला तर ते कुठून आलं हे न विचारता सरळ नाही म्हणा. कोंबडीच्या काळ्या पिसावर पिवळसर नेलपॉलिशचा थेंब टेकवा. माशाला फरक कळत नाही.

आता पितळ. धातूच्या नळीचा उपयोग एकच, फ्लाय खोल नेणे. रिफिलचं प्लॅस्टिक पाण्याहून हलकं असतं, तांबं पाण्याच्या जवळपास नऊ पट जड. ३ मिलिमीटर बाहेरचा व्यास, २ मिलिमीटर आतला आणि २५ मिलिमीटर लांबी, एवढा तुकडा तांब्याचा असेल तर साधारण ०.८८ ग्रॅम भरतो, पितळेचा ०.८३, ॲल्युमिनियमचा ०.२७ आणि रिफिलचा ०.०९. तुमच्या आठ नंबरच्या लाइनचं पुढचं ३० फुटांचं वजन १३.६ ग्रॅमच्या आसपास असतं आणि फ्लाय तीच घेऊन जाते. ग्रॅमभराचा फ्लाय ती आरामात उडवते. दोन ग्रॅमच्या पुढे गेलात की फेक लडबडते आणि फ्लाय कानाजवळून जायला लागतो. वजन नेहमी फ्लाय भिजवून करा. धनगरी लोकरीचा जाड फ्लाय कोरडा असताना गरीब दिसतो आणि भिजल्यावर खरं रूप दाखवतो.

पितळी नळीसाठी जुन्या रेडिओची लांब होणारी एरियल बघा. एकात एक बसणाऱ्या, क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळी नळ्या असतात, हव्या त्या मापाची निवडा. तिकोनी कानशीने गोल खाच पाडून मोडा. फ्रीज दुरुस्तीवाल्याकडची तांब्याची कॅपिलरीही चालते, पण तिचं भोक बारीक असतं. धातूची कड लीडर कापते, हा यातला मोठा धोका. कड दाभणाने आतून घासा आणि कापसाची वात ओढून बघा. एक तंतू जरी अडकला तरी कड शिल्लक आहे. खात्रीचा उपाय म्हणजे आत प्लॅस्टिकचं अस्तर: रिवायंडिंगवाल्यांकडची बारीक टेफ्लॉन स्लीव्ह दोन्ही टोकांना जराशी बाहेर ठेवून बसवा. उद्यमनगरातल्या लेथवर कुणी ओळखीचं असेल तर पितळेचे छोटे शंकू कातून घ्या आणि प्लॅस्टिक नळीच्या पुढे घाला. पूर्ण धातूच्या नळीपेक्षा मला हेच आवडतं. वजन पुढे राहतं, ओढ थांबली की फ्लाय नाक खाली करून बुडतो, आणि मासा बहुधा त्याच क्षणी घेतो.

लुअरबद्दल. फिरत्या पात्याचे स्पिनर फ्लाय रॉडवर करू नका, लाइनला पीळ पडतो आणि उचलताना जीव जातो. पण दोन गोष्टी जरूर करा.

एक, मरळीसाठी पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगत आवाज करणारं आमिष. जुन्या हवाई चपलेच्या सोलमधून १२ मिलिमीटर व्यासाचा, १५ मिलिमीटर लांबीचा गोल काढा, तापवलेल्या दाभणाने मधोमध भोक पाडा, रिफिलचा तुकडा आत चिकटवा. पुढचं तोंड गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने वाटीसारखं खोलगट करा. मागे शेळीच्या केसांचा झुपका. गळाचं टोक वर ठेवा, पंचगंगेच्या जलपर्णीत खाली टोक असलेला गळ पहिल्याच ओढीला भाजी गोळा करून आणतो. मरळ पाण्यावर झडप घालते तेव्हा आवाज असा होतो की हात आपोआप उचलला जातो. तो आवरा, लाइनवर वजन जाणवल्यावरच ओढा. मरळीला दात आहेत, म्हणून शेवटचा फूटभर लीडर ०.५० मिलिमीटरचा जाड ठेवा. लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसला तर तिथे टाकूच नका. आई-बाप खाली राखण करत असतात आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात, ती शिकार नव्हे.

दोन, डुलणारा लुअर. मुदत संपलेलं एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचं असतं. त्यातून १० बाय ८ मिलिमीटरचा लंबगोल कापा, वरच्या तिसऱ्या भागात भोक पाडा आणि नळीच्या पुढच्या टोकावर तिरका बसवून चिकटवा. पाणी त्यावर आपटलं की फ्लाय डावी-उजवीकडे डुलतो. जरा डावं-उजवं झालं तर एकाच बाजूला पळतो, तेव्हा इथेही आधी उघड्या नळीवर पाटात बघा आणि कानशीने एकेक घासा मारत सरळ करा. पट्टी याहून मोठी करू नका. पाण्यात ती इतकी रुतते की पुढची फेक उचलण्याआधी जवळजवळ सगळी लाइन ओढून घ्यावी लागते.

पाटात पास झालेला फ्लाय नदीवर न्यायचा तर कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला न्या, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यानंतर. फटींतून येणारं पाणी वेगवेगळ्या वेगाचं असतं आणि एकाच जागी उभं राहून फ्लाय जलद, मंद, भोवऱ्यात असा सगळीकडे बघता येतो. बंधाऱ्यावर चढून फेकू नका, शेवाळावर पाय राहत नाही. धरणांच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना आधी विचारा. अभयारण्याच्या हद्दीत गळ काढायचाच नाही.

राहता राहिला गळ. बाकी सगळं घरी करा, गळ मात्र चांगल्यातला विकत घ्या, आणि खडशीसाठी जाड तारेचाच. खडशीच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात, आणि तोंडाची पकड अशी की हलका गळ सरळ होऊन परत येतो. उलटा काटा पकडीने दाबून टाका. खडस पाण्यातच ठेवून सोडायची असते, आणि दाबलेला गळ मनगटाच्या एका वळणाने निघतो. ट्यूब फ्लाय तोवर लीडरवर वर सरकलेला असतो, तो मध्ये येत नाही. पुढच्या फेकीआधी गळ नखावर टेकवून हलकेच ओढा. घसरला तर काढून दुसरा लावा, नळी आणि पिसं तशीच राहू द्या.